उजवा कौल

"पाण्याला खदखदू द्यायचं नाही, बाई. कोंबडी आत सोडायची, आच बंद करायची, झाकण लावायचं. कातडी फाटता कामा नये. फाटका सदरा घालून कुणी देवापुढे उभं राहतं का? आणि माझ्या दिवशी माझ्या पानात कोंबडीच हं."

सासूबाई हे दवाखान्याच्या खाटेवरून म्हणाल्या होत्या. "हो, आई," युएछिन म्हणाली होती.

आज त्यांचं तिसरं श्राद्ध. देव्हाऱ्यापुढच्या टेबलावर भात, बांबूच्या कोंबांचा रस्सा, पेरू आणि मधोमध कोंबडी. तुरा, पंख, मुडपलेले पाय, सगळं जागच्या जागी. फक्त ती सोयाबीनची होती.

दीड वर्षापूर्वी युएछिनने मांस सोडलं. पृथ्वीचा ताप उतरावा म्हणून मंदिरात उदबत्ती हातात धरून तिने व्रत घेतलं, आणि घरी आल्यावर चूलही त्या व्रतात ओढली. मग मांस सोडण्याच्या प्रतिज्ञेवर गल्लीतल्या चौतीस घरांच्या सह्या आणल्या. बाजारात आशिऊबाईच्या कोंबड्यांच्या गाळ्यासमोर ती फलक घेऊन उभी राही. आवाज कधी चढला नाही तिचा. हळू बोलूनच ती गिऱ्हाइकं परत फिरवी.

उदबत्ती अर्धी जळली. आता विचारायचं, आई, जेवण झालं का? तिने कौलाचे दोन लाकडी तुकडे, एका अंगाने सपाट नि दुसऱ्याने फुगीर, ओंजळीत धरले, कपाळाला लावले आणि सोडले. एक उताणा नि एक पालथा पडला, की पान पावलं.

दोन्ही पालथे पडले. नाही.

"जेवू दे की सावकाश," वेताच्या खुर्चीतून सासरे म्हणाले. ताइनान शहराच्या उकाड्यात ते नुसत्या बनियनवर बसले होते. "उभ्या जन्मात गरम घास गेला नाही तिच्या पोटात. आता तरी घाई नको."

दुसऱ्यांदा दोन्ही उताणे.

"हसतेय. तुझ्या कोंबडीची चोच बघून हसतेय. पोपट केलायस तू तिचा."

तिसऱ्यांदा पुन्हा दोन्ही पालथे.

युएछिन खाली बसली. गेल्या वर्षीही तिसरा कौल असाच पडला होता. तुकडे उचलायला ती वाकली, तेव्हा तिचं बोट एकाच्या कडेला लागलं होतं. लागलं नव्हतं, तिने लावलं होतं. तुकडा उलटला आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली होती, "आई जेवल्या!" त्यानंतर रोज पहाटे ती देवापुढे नामजप करत होती, एक दिवस चुकला नव्हता. पण हे तिने देवालाही सांगितलं नव्हतं.

आत्ताही बोट कडेपाशी गेलंच होतं.

"यंदा नको," सासरे म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या पायांकडे बघत होते. "गेल्या साली मी गप्प बसलो. म्हटलं, पोरगी पहाटेपासून राबतेय. पण ती वर्षभर उपाशी राहिली गं."

युएछिनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. जंगलं किती तुटतात, नद्यांचं काय होतं, सगळे आकडे तिला तोंडपाठ होते.

"बाबा..."

"तू खाऊ नकोस. मीसुद्धा तुझं सोयाबीन खातोच आहे, पोटाचा नगारा झाला तरी काही बोललो? पण व्रत तुझं आहे. तिने नव्हतं घेतलं."

ती उठली. सोयाबीनची कोंबडी टेबलावरून उचलून आत नेऊन ठेवली. नवी उदबत्ती लावली.

"आई, जरा थांबा," ती पुटपुटली.

फळीवरून तिने स्टीलचा मोठा डबा काढला. प्लॅस्टिकची पिशवी घ्यायला लागू नये म्हणून असा डबा घरून न्या, असं तिनेच गल्लीतल्या बायकांना शिकवलं होतं. दाराशी खुंटीला तिची फुलाफुलांची मुखपट्टी होती. स्कूटरवर बांधली की फक्त डोळे दिसत. सख्खी बहीणसुद्धा ओळखायची नाही. बाजार उठायला अजून तासभर होता, आणि आशिऊबाईचा गाळा अगदी तोंडाशीच.

तिने मुखपट्टी काढली, हातात धरली, आणि परत खुंटीला अडकवली. डबा छातीशी घेऊन, उघड्या चेहऱ्याने ती जिना उतरू लागली.