अकरा फेऱ्या

इंग्रजांच्या हवाई दलात आमची पोलिश बॉम्बफेकी तुकडी उभी राहत होती. पहिल्याच आठवड्यात ल्युत्सियान चाकं बाहेर काढायला विसरला आणि विमान पोटावर घासत उतरलं. आमच्या पोलंडातल्या विमानांची चाकं कधी आत जातच नसत, त्याला सवयच नव्हती.

"आणि हे म्हणे बॉम्ब टाकणार!" प्रशिक्षक पेनरोज सगळ्यांसमोर खिदळला. "मी अकरा फेऱ्या मारून आलोय जर्मनीवर, कळलं?"

"काय टाकलंत, साहेब?" ल्युत्सियानने विचारलं.

"पत्रकं. युद्ध थांबवा म्हणून."

"मी एकदाच गेलो, पण बॉम्ब टाकले. आमच्याच गावच्या पुलावर. जर्मन रणगाडे चढले होते त्याच्यावर, ते काही वाचत बसणारे नव्हते."