खिदिरपूरचं बिल

वीज कंपनीचा माणूस दारात उभा राहून सांगत होता, की चार महिन्यांचं बिल भरलेलं नाही, आज लाइन तोडायची आहे. विनायकराव हसले. त्यांनी त्याला बंगालीत दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि फाइल आणायला आत गेले.

त्यांची बायको मंजुषा हात पुसत बाहेर आली. तिलाही काळजी वाटली नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला आंघोळ झाली की विनायकराव कॉम्प्युटरसमोर बसत आणि वीज, फोन, विमा, सोसायटी, सगळं एकेक करून स्वतः भरत. पावती छापून फाइलला लावत. ऑटो डेबिट करून टाका, बँक आपोआप भरत जाईल, असं बंगळुरूहून मधुवंती वर्षभर सांगत होती. पण मुलीचं हे म्हणणं त्यांना पटत नव्हतं. आपल्या खात्यात दुसऱ्याने हात का घालायचा, असं ते विचारत. कस्टम्समध्ये छत्तीस वर्षं काढलेला माणूस. वाचल्याशिवाय त्यांनी कधी कशावर सही केली नव्हती.

त्यांनी चार पावत्या त्या माणसाच्या हातात ठेवल्या. त्याने त्या उभ्यानेच नीट वाचल्या. मग खाली जाऊन मीटरवरचा नंबर बघून आला. आल्यावर तो विनायकरावांशी बोलला नाही, मंजुषाकडे वळला आणि मोडक्या हिंदीत, हळू आवाजात सांगू लागला. मासीमा, पैसे भरलेत, पण या घराचे नाही. हा नंबर खिदिरपूरचा आहे.

खिदिरपूरची भाड्याची जागा सोडून त्यांना नऊ वर्षं झाली होती. कॉम्प्युटरवर दोन्ही घरांची नावं अजून एकाखाली एक होती. फेब्रुवारीपासून विनायकराव वरचं नाव निवडत होते. तिथे आता कोण राहत होतं कुणास ठाऊक. आपलं बिल दुसरंच कुणी भरतंय, हे तिथल्या लोकांनी कळवलं नव्हतं.

विनायकरावांनी पावत्या परत घेतल्या, एकेक करून वाचल्या.

"मग बरोबरच आहे की," ते मंजुषाला म्हणाले. "खिदिरपूरचंच भरलंय."

"अहो, आपण बालीगंजला राहतो."

त्यांनी पावत्या फाइलला परत लावल्या. मग माहीत आहे मला, असं तोडून म्हणाले आणि फाइल छातीशी धरून खुर्चीत जाऊन बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

मंजुषाने स्वयंपाकघरात जाऊन मधुवंतीला फोन लावला आणि जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. मधुवंतीने नंबर मागून घेतला आणि दहा मिनिटांत तिकडूनच सगळं बिल भरलं. त्या माणसाने मोबाइलवर खात्री करून घेतली, पक्कड पिशवीत टाकली. जाताना तो विनायकरावांपुढे वाकून नमस्कार करून गेला. मंजुषाला ते बघवलं नाही.

ऑटो डेबिट आता आजच करून टाकू, असं मधुवंती म्हणाली. तिने कामावरून अर्धा तास मागून घेतला. मंजुषाने फोन स्पीकरवर टाकून कीबोर्डजवळ ठेवला आणि विनायकरावांच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती याआधी कधी बसली नव्हती. ते चिडतील, फाइल आपटतील, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. शेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी पासवर्ड सांगितला आणि तिने एका बोटाने एकेक अक्षर टाइप केलं. मधुवंती तिकडून सांगत होती, कुठे दाबायचं, कुठे टिक करायची. मंजुषा दोनदा चुकली. दोन्ही वेळा विनायकरावांनीच बोट दाखवून बरोबर जागा सांगितली. तिला जरा बरं वाटलं. एखाद्या वेळी चूक कुणाचीही होते, असं तिने स्वतःला समजावलं.

मध्येच एकदा त्यांनी विचारलं, "मग पाच तारखेला मी काय करायचं?"

"काही नाही, बाबा," मधुवंती फोनवरून म्हणाली. "आराम करायचा."

त्यांनी मान हलवली.

शेवटचं पान आलं. बाबांच्या मोबाइलवर आता सहा आकडे येतील, ते टाकले की झालं, असं मधुवंतीने सांगितलं. विनायकरावांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी तो काढला, चष्मा नीट केला, वाचला. मग स्क्रीनवर तळहात ठेवला.

मंजुषाने नंबर विचारला. त्यांनी तळहात काढला नाही. पडद्यावर सेकंद कमी होत होते. ते रुसलेत, असं तिला वाटलं, आणि त्यांनी रुसावं हेही तिला बरोबर वाटलं. तिने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"सांगा ना हो. आपल्याच घराचं आहे."

त्यांनी दंड सोडवून घेतला. बसमध्ये परक्या बाईचा धक्का लागला तर माणूस जसा अंग चोरून घेतो, तसा. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. नजरेत राग नव्हता. बँकेच्या काउंटरवर ते जसे बोलत, तशाच अदबीने ते बोलले.

"माफ कीजिए, मैडम. ओटीपी किसी को बताना मना है."

मंजुषाचा हात तसाच अधांतरी राहिला.

"आई," फोनमधून मधुवंतीने विचारलं, "घरी कुणी आलंय का? बाबा कुणाशी बोलतायत?"