डाव्या सीटवरचा पंप

जुन्या रेसच्या मोटारीत दोघं बसायचे. उजवीकडे चालवणारा, डावीकडे मेकॅनिक. त्यानं हातपंप मारला तरच इंजिनाला पेट्रोल पोचायचं.

जाम गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, अण्णाजी यांची गाडी १९२६ साली शर्यतीत गावाजवळच्या वळणावर उलटली. अण्णाजी वाचले, मेकॅनिक नानाजी मेला. "भेकड होता, वळणाच्या कितीतरी आधीच उडी मारून गेलता," असं अण्णाजी सांगत आले.

१९७६ च्या रामनवमीला कीर्तन आटोपलं, सुंठवडा वाटला, आणि नानाजीचा मुलगा चंद्रभान सभेत उभा राहिला.

"पंपाशिवाय गाडी फर्लांगभर नाई चालत, अण्णाजी! मंग वळणापर्यंत पोचली कशी? तुमच्या वाड्यात दुरुस्त करून ठेवलेली तीच गाडी मी एकटा चालवतो, बंद पडते का नाई पाहा. लागली पैज!"

"बापासारखाच फुशारक्या मारून राह्यला," अण्णाजी हसले आणि त्याच वळणावर खुर्ची टाकून बसले.

भर उन्हात गाडी निघाली. फर्लांग झाला, दोन झाले. इंजिन बंद पडेना. चंद्रभानची पैज हातची चालली होती; गाडी अशीच वळणापर्यंत पोचली तर अण्णाजींचंच खरं ठरणार होतं. तेवढ्यात डावीकडे खट् खट् वाजलं. रिकाम्या सीटपुढचा पंपाचा दांडा आपोआप खालीवर होत होता, मुरलेल्या टाळकऱ्यासारखा ठेक्यात.

त्यानं ब्रेकला पाय लावला नाही. "मारा, बाबा!" तो ओरडला. "पाहू द्या सगळ्यांले!"

खुर्चीसमोर त्यानं इंजिन बंद केलं. दांडा चालूच राहिला.

अण्णाजी हात जोडून उठले. "नानाजी, तू नाई उडी मारली. वळणावर हात माझा चुकला, खोटं मीच बोललो. आता बस कर."

दांडा थांबला. मग डाव्या सीटची दबलेली गादी हळूच वर आली.