पाठमोरा कप्तान

“ती उडी मी या भागात लावणार नाही,” ओपल म्हणाली आणि फिल्म कापायची कात्री तिने टेबलावर आपटली.

निर्माता लेव्हिट दारातूनच बोलला. “लावशील. शेवटचा भाग आहे, बाई. पैसे पुरवणाऱ्या साबणवाल्यांनी हात काढून घेतला, तेराव्या भागावर गाशा गुंडाळावा लागतोय. नवी उडी घ्यायला ना वेळ आहे ना बोट. आणि त्यात तुझा क्लेटन आहेच कुठे? उडी कप्तान टॅल्बट मारतोय. कप्तान काही मेलेला नाही.”

ओपलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे तिने ऐकलं होतं. हा तर पाव घेऊनच आला होता.

क्लेटन तिचा नवरा. टेलिव्हिजनवरच्या या समुद्री मालिकेत डोलकाठीवरून उड्या, तलवारीची मारामारी, पेटत्या शिडातून पळणं, सगळं क्लेटन करायचा. कप्तान म्हणून मिरवायचा मात्र नट रॉस मेरिडिथ. त्याला पोहतासुद्धा येत नव्हतं. स्टुडिओतल्या हौदात, कमरेएवढ्या पाण्यात त्याला बुचकळून काढायचे, की झाला सात समुद्रांचा राजा! दोघांना एकसारखा कोट घालायचा आणि क्लेटनचं तोंड कुठेही दिसू द्यायचं नाही, ही या धंद्याची रीत. ते सांभाळायचं काम फिल्म कापणाऱ्या ओपलचं. क्लेटन जरा वळायला लागला की तिची कात्री चालायची. पोटासाठी ती आपल्याच नवऱ्याचा चेहरा कापत आली होती.

क्लेटनला त्याचं काही वाटत नसे. राग यायचा त्याच्या आईला. हेटी तिकडे ओक्लाहोमात, शेजारणीच्या घरी बसून टेलिव्हिजन बघायची. त्या पेटीत कुस्ती, बातम्या, रविवारची प्रार्थना, सगळं घडत असतानाच दिसायचं. मुलाचंही तसंच, असं ती धरून चालली होती. कार्यक्रम संपला रे संपला, की शेजारणीच्याच फोनवरून तिचा ट्रंक कॉल यायचा.

“अंगावर कोरडं घातलंस का रे? आणि साऱ्या जगाला पाठ कसली दाखवतोस, गाढवा? एकदा वळून बघ की इकडे. ही भवानी म्हणते, तो तुमचा पोरगा नव्हेच.”

क्लेटन हसून लोटपोट व्हायचा. चित्रीकरण कधीचं झालेलं असतं, हे तिला समजावण्याचा नाद त्याने केव्हाच सोडला होता. “वळेन हं आई,” एवढंच म्हणायचा.

त्या शेवटच्या उडीच्या सकाळी कॉफी पिता पिता तो ओपलला म्हणाला, “आज मी वळणार. म्हातारी शेजारणीपुढे खोटी पडते. तुला कापायचं तर काप.” आणि खरंच, डोलकाठीवर चढून तो वळला, दात काढून हसला आणि त्याने उडी टाकली. खाली मोडक्या धक्क्याचा खांब पाण्यात दडलेला होता. बोट भाड्याची, म्हणून लेव्हिटला घाई. तळ बघायला आधी कोणाला उतरवलंच नव्हतं.

ओपलने हेटीला फोनवर कळवलं. गुडघे गेलेली बाई, एवढ्या लांब मातीला येणार तरी कशी? ती रडली नाही. “बरं,” म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नव्हता.

ओपलने कात्री पुन्हा उचलली. “लावते.”

“शहाणी आहेस. फक्त त्याचं तोंड तेवढं...”

“मला माझं काम शिकवू नका.”

तिने ते हसू तसंच ठेवलं. त्यातलं इंचभरही कापलं नाही. तयार भाग लेव्हिट, मेरिडिथ आणि साबणवाल्यांच्या माणसाला दाखवला, तेव्हा ती अंधारात मुठी आवळून उभी होती. आता बोंब होणार. पडद्यावर क्लेटन वळला. हसला. लेव्हिट घड्याळ बघत होता. मेरिडिथ खुशीत म्हणाला, “इथे मी बरा दिसतोय, नाही?” साबणवाल्याने मान डोलावली.

एकालाही कळलं नाही. ज्याच्या जिवावर हे पोट भरत होते, त्याचा चेहरा यांनी कधी धड बघितलाच नव्हता. ओपलला वाटलं, फिल्म दाखवायचं ते यंत्र उचलून त्यांच्या डोक्यात घालावं. मग तिने दात आवळले. यांना नाही तर नाही. ओळखणारी एक बसली आहे तिकडे.

शनिवारी तो भाग दाखवला. ओपल फोनपाशी बसून राहिली. फोन वाजला. ऑपरेटर म्हणाली, ओक्लाहोमाहून आहे.

“बघितला गं, ओपल!” हेटी ओरडतच होती. “त्या भवानीची बोलतीच बंद! वळला, माझ्याकडे बघून हसला!”

 एवढ्या दिवसांचा राग ओपलच्या डोळ्यांवाटे वाहू लागला. “हो, आई. तुमच्यासाठीच वळला तो.”

 हेटीचा आवाज एकदम चढला.

“मग गेला म्हणून का सांगितलंस मला? भांडला असाल, वेगळे झाला असाल, मी काय खाल्लं असतं तुला? जित्या पोराला मारलंस?”

“आई, ऐका माझं...”

“काही ऐकायचं नाही मला तुझं! आत्ता माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात पडलाय तो, ओलाचिंब असेल. आधी कोरडं घालू दे त्याला अंगावर, मग फोनवर दे. मी धरून ठेवते.”