खांबची वर्दी

“बारा लिहू का नको लिहू, ते एकदा सांगून टाका ताई,” जनू पेंटर शिडीवरून म्हणाला. “रंग वाळतोय, हातपण वाळतोय माझा.”

“थांब जरा,” वृंदा म्हणाली. सकाळपासून चौथ्यांदा.

चार वाजता उद्घाटन होतं. रोह्याच्या जुन्या बंबखान्याची अभ्यासिका झाली होती. आगीचा बंब जिथे उभा राहायचा तिथे आता चाळीस टेबलं मांडली होती. फरशीवरचा तेलाचा डाग काही केल्या निघाला नाही, म्हणून त्यावर पुस्तकांचं कपाट सरकवलं होतं. समोरच्या भिंतीवर बंबखान्याचा इतिहास लिहायचा होता. वृंदा फिजिक्समध्ये बीएस्सी झालेली. काम तिच्याकडे आलं आणि दोन महिने तिने जुनी वर्दीबुकं वाचून काढली. आग लागल्याची वर्दी किती वाजता आली, बंब कधी निघाला, कधी पोचला, सगळं त्यात होतं. सगळं जुळतही होतं. एक नोंद सोडून.

एप्रिल १९७८, खांब गावची वर्दी. आली एक वाजून दहा मिनिटांनी. बंब पोचला एक बावीसला. निघाल्याचा रकाना कोरा. जळालेली घरं सात.

बारा मिनिटं. बंबखान्याच्या सगळ्या वर्षांतली सर्वांत जलद धाव. अभ्यासिकेच्या समितीला ही ओळ इतकी आवडली, की त्या दिवशीच्या ड्रायव्हरला शाल द्यायचं ठरलं. ड्रायव्हर म्हणजे वरसे गावातले हैबतराव. आता पंच्याहत्तरीचे.

पण रोह्याहून खांब कोलाडमार्गे सोळा किलोमीटर. बारा मिनिटांत गाठायचं तर ताशी ऐंशीचा वेग हवा. पाण्याने भरलेला जुना बंब, आणि रस्ता त्या काळचा. वृंदाने गणित तीनदा केलं. ती खुर्चीत बसत होती, उठत होती, वही उघडत होती, मिटत होती. चुकीचा आकडा भिंतीवर गेला, की तो कायमचा खरा होणार होता.

हैबतराव दोन वाजताच येऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. चहा समोर तसाच. ते सगळीकडे बघत होते, फक्त त्या भिंतीकडे नाही.

“काका, खरं सांगा. ऐंशीने पळायचा तुमचा बंब?”

“पन्नास. तेपण उतारावर, देवाचं नाव घेऊन.”

“मग खांबला काय उडत गेलात?” जनूने वरून विचारलं.

“तू तुझं रंगव रे.”

वृंदाने वही मिटली. “जनू, ही ओळ नको. समितीला मी सांगते. वर्दीबुक लिहिणाऱ्या त्र्यंबकरावांनी वेळ खोटी घातलीय.”

हैबतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गप्प राहिले असते तर फक्त शाल गेली असती. नाव त्र्यंबकरावांचं खराब झालं असतं, आणि ते तर केव्हाच वारले होते.

“नाय गो बाय,” ते म्हणाले. “त्र्यंबकनं आयुष्यात खोटं अक्षर लिवलं नाय. बाराच मिनिटं झाली. बंब हितं नव्हताच तवा.”

“म्हणजे?”

“कोलाडला होता. माझ्या बहिणीचं, मैनाचं लगीन होतं. धूर मांडवातनंच दिसला. तसाच उठून गाडीत बसलो.”

वृंदाने वही पुन्हा उघडली. कोलाड ते खांब सहा किलोमीटर. बारा मिनिटं. ताशी तीस. तिच्या खांद्यांवरचा ताण दोन दिवसांत पहिल्यांदाच उतरला.

“बसलं!” ती म्हणाली. “आकडा बरोबर आहे. जनू, लिही बारा.”

“बहिणीच्या लग्नाला आगीचा बंब!” जनूने ब्रश रंगात बुडवला. “नवरदेव टपावर बसवलेला का काय, हैबतकाका?”

वृंदालाही हसू आलं. हैबतराव हसले नाहीत.

“लिवू नको,” ते म्हणाले. “एप्रिल होता. मांडवाजवळची विहीर आटलेली आणि पंगत पाचशे पानांची. खांबला पोचलो तवा लोक ओरडत बाजूला झाले, बंब आला, बंब आला. बाया हात जोडून उभ्या. मी नळी सोडली, पंप चालू केला…”

जनूचा ब्रश भिंतीपाशी थांबला.

“टाकी मी सकाळीच मांडवातल्या पिंपांत रिकामी करून आलेलो.”