तळमजला

मृणालने रॅकचा आराखडा पुन्हा एकदा मांडून पाहिला, पण आप्पा केळुसकरांची पेटी तळाशीच राहिली. माणूस जाण्याआधी उतरवून घेतलेल्या आठवणींच्या या पेट्या. जड पेटी खालीच बसवावी लागते, नाहीतर अख्खा रॅक कलंडतो. आप्पांची पेटी तर सगळ्यांत जड होती. आयुष्यात काहीच विसरले नव्हते म्हणे.

"आमच्या वडिलांना सगळ्यांच्या पायाशी ठेवणार तुम्ही?" त्यांचा मुलगा शिरीष तणतणत होता. "आणि परवा आलेल्यांना वरचा कप्पा?"

वजनाचं गणित त्याच्या गळी उतरेना. शेवटी मृणालने पेटीला स्पीकर जोडला. "त्यांनाच विचारू या."

थोडी खरखर झाली आणि आप्पा खाकरले. गेल्यानंतर पहिल्यांदाच. शिरीष नकळत उठून उभा राहिला.

"आप्पा, हे लोक तुम्हाला सगळ्यांत खाली ठेवतायत."

"खाली म्हणजे, तळमजला?"

"तसंच म्हणा," मृणाल चाचरत म्हणाली.

"सुटलो बाबा. जन्मभर बिनलिफ्टचे चार जिने चढलो, गुडघ्यांची पार वाट लागली."

शिरीषला हसू फुटलं आणि हसता हसताच तो खुर्चीत बसला. मृणालचा जीव भांड्यात पडला. ती आराखडा पक्का करणार, तोच आप्पा पुन्हा बोलले.

"माझ्या वरचा कप्पा तेवढा रिकामा ठेवा. हिच्या पावलांचा आवाज कानावर असला की मला झोप लागते." मग आवाज उतरला. "शिरीष, आईला सांग, जागा धरून ठेवलीय. घाई मात्र करायची नाही."