घरच्या घरी

कायद्यात नसलेले एक कलम आमच्या जावा बेटावरच्या कुडूसमधले सिगारेट-कारखानदार कायद्याहून कसोशीने पाळतात: तंटा घरच्या घरी मिटवावा. लवंगी सिगारेटी वळणाऱ्या वार्तिनीने बाळंतपणाची रजा मागितली, तेव्हा मालक सुविग्न्यो यांनी तिला कामावरून काढले. तिने श्रम कार्यालयात तक्रार करताच हेच गृहस्थ मिठाई घेऊन तिथे हजर झाले.

"अगं नदुक, माझी लेक ना तू?" बापाने लेकीला मारावी तशी ही जावानी हाक मारत त्यांनी मिठाई पुढे केली. "लेक कधी बापाला चावडीवर खेचते का? तुझ्या पोटातलं बाळ म्हणजे माझं नातवंडच की! तक्रार मागे घे. आपण घरी बसून बोलू."

"घरीच तर बसवलंत, पाक," बापाला आणि साहेबाला एकच असलेली हाक मारत वार्तिनी म्हणाली. "दुसरा महिना चाललाय."

मालकांनी रुमालाने डोळे टिपले. बापाचे काळीज किती हळवे असते, हे सरकारी खोलीतल्या पंख्याखालीही दिसावे, अशा बेताने टिपले.

कार्यालयातल्या मध्यस्थ बाईंनी शांतपणे एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "गरोदर बाईला काढणं कायद्यात बसत नाही, पाक सुविग्न्यो. आणि तुम्ही तर तिला लेक म्हणता. मग 'हिला परत कामावर घेतो', एवढंच लिहून सही करा. मी आत्ता प्रकरण मिटवते."



मालकांनी रुमाल खिशात ठेवला आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "कामावर कुठून घेणार, बाई? ही ठेकेदाराची माणसं. आम्ही ह्यांना ओळखतसुद्धा नाही."